मोठ्या तारखांचे शेजारी

बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत वर्तमानपत्र कुठे ठेवलेलं असेल, याचा अंदाज मला आता बऱ्यापैकी बांधता येतो. लोखंडी पेटीच्या तळाशी, शालूच्या खाली. सातबारा, फेरफार आणि सोसायटीच्या पावत्यांच्या कापडी पिशवीत. गजानन महाराजांच्या पोथीशेजारी, रुमालात गुंडाळलेलं. नाहीतर तसबिरीच्या मागे, पुठ्ठ्याच्या जागी. तारखाही बहुतेक ठरलेल्या. १५ ऑगस्ट १९४७. गांधीजींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशीचा, ३१ जानेवारी १९४८ चा अंक. डिसेंबर १९५६ मधले दोन अंक, कारण बाबासाहेब सहा तारखेला गेले आणि गाडगेबाबा वीस तारखेला. १ मे १९६०. नेहरू गेल्याचा, २८ मे १९६४ चा. जुलै १९६९, माणूस चंद्रावर उतरला तेव्हाचा. १७ डिसेंबर १९७१, ढाका पडल्यानंतरचा. जून १९८३ चा, कपिलच्या हातात विश्वचषक असलेला. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि पेटीत पेपर ठेवायची सवय हळूहळू सुटत गेली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी बरीचशी नोकरी जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात गेली. या अंकांना आम्ही आपसात 'मोठ्या तारखा' म्हणायचो. लोकांच्या घरातल्या मोठ्या तारखा शोधायच्या, ग्रंथालयात आणायच्या, कागद सावरायचा, त्याची प्रतिमा घ्यायची आणि नोंद करायची, असं कामाचं स्वरूप. मी मूळची चिखलीकडची, त्यामुळे बुलढाणा जिल्हा आपोआप माझ्याकडे आला. बोली कळते, नातीगोती कळतात, चहाला नाही म्हणायचं नसतं हेही कळतं.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बोलण्यात, पिकात, सोयरिकीत हा फरक सगळ्यांना माहीत असतो. मला तो कागदातही दिसू लागला. घाटाखालच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली पेटी तापून तापून कागदातलं सगळं पाणी निघून गेलेलं असतं. अंक उघडायला जावं तर घडीवर पापडासारखा तुटतो. घाटावरच्या मातीच्या माळवदी घरांत पावसाळ्याची ओल भिंतीतून येते. तिथला कागद लवचीक राहतो, पण त्यावर बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते, आणि वाळवी आलीच तर ती खालून सुरुवात करून पहिल्या पानापर्यंत पोचेस्तोवर कुणाला पत्ता लागत नाही.

पण ऊन आणि ओल हे बाहेरचे शत्रू. वर्तमानपत्राचा खरा शत्रू त्याच्या कागदातच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बराच कागद चिंध्यांपासून व्हायचा, तो दीडशे वर्षांनीही हातात धरवतो. नंतर लाकूड यंत्रात दळून स्वस्त लगदा करायची पद्धत आली. या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहून जातं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि कागदात आम्ल वाढत जाऊन तंतू तुटू लागतात. वृत्तपत्राचा कागद हा असा एका दिवसासाठी केलेला कागद. तो सत्तर वर्षं टिकावा अशी अपेक्षा करणारे आपणच.

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे हा कागद परदेशातून यायचा. देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना निघाला तो आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे नेपानगरला. १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्या परिसरातल्या जंगलातलं सालईचं लाकूड आणि बांबू हा त्याचा कच्चा माल. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला सातपुड्यात सालई आमच्याकडेही आहे. तिचा डिंक आमच्या ओळखीचा, पण तिच्या लाकडावर बातम्या छापल्या जात होत्या हे सांगितलं की गावातली माणसं चकित होतात. १९६० च्या आसपासचे अंक हाताळताना कागदाचा पोत आधीच्या अंकांहून वेगळा लागतो. कुठल्या अंकाला नेपाचा कागद आणि कुठल्याला परदेशी, हे नुसत्या बोटांनी सांगायचा मोह मी कायम टाळला; पण पोत बदलतो एवढं नक्की.

एखादा अंक आल्यावर त्याचं आम्ही काय करायचो ते सांगते. समजा, १९४७ चा एक अंक आलाय, चार घड्यांचा, विड्याच्या पानाच्या डब्याएवढा झालेला. तो तसाच उघडला तर त्याचे सोळा तुकडे होतील. एका मोठ्या ट्रेमध्ये तळाशी ओला टीपकागद ठेवायचा, त्याच्या वर जाळी, जाळीवर अंक, आणि ट्रेला झाकण. अंकाला पाणी लागू द्यायचं नाही, फक्त दमट हवा लागू द्यायची. काही तासांनी कागद थोडा मऊ होतो. मग हाडाच्या बोथट पट्टीने एक घडी उघडायची आणि थांबायचं. पुन्हा झाकण. सगळ्या घड्या सुटल्या की अंक कोरड्या टीपकागदांच्या मध्ये घालून वर काच आणि वजन. त्याआधी मऊ ब्रशने धूळ काढलेली असते, नेहमी मधून कडेकडे. उलटं केलं तर फाटलेल्या कडेत केस अडकतो आणि तुकडा उचलला जातो.

आम्ल मारायला चुन्याची निवळी वापरतात. विडा खाणाऱ्यांना ती ठाऊक असते, फरक इतकाच की इथली फार पातळ असते. वृत्तपत्री कागद ओला झाला की जीव सोडतो, म्हणून त्याला जाळीदार पॉलिएस्टरच्या आधारावर ठेवूनच निवळीत उतरवायचं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची पट्टी लावायची. ही पट्टी कात्रीने कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे तिच्या कडेचे लांब तंतू जुन्या कागदात मुरतात. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. आमचे बाइंडर काका पहिल्यांदा ही कृती ऐकून हसले होते. म्हणाले, "म्हणजे कुरडईचा चीकच की हा!" खरोखर तोच. गहू भिजत घालायचे, वाटायचे, गाळायचे, वरचं पाणी ओतून तळाचा पांढरा चीक घ्यायचा. काकांच्या घरी दर उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या, त्यामुळे आमच्या विभागात खळ करायचं शिक्षण कुणाला वेगळं द्यावं लागलं नाही. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद टाकायचे, किडे लागू नयेत म्हणून. जुन्या बांधणीत पुठ्ठ्याच्या कडेला हिरवट निळी झाक दिसते ती त्याची. आता ते करत नाहीत; वेखंड आणि स्वच्छता यांवर भागवतात.

लोकांनी प्रेमापोटी केलेली डागडुजी मात्र आम्हाला जड जायची. सेलोटेप ही त्यातली पहिली. ती काही वर्षांनी सुटून पडते, पण तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी पट्टा मागे राहतो. दुसरं लॅमिनेशन. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात गरम रोलरमधून अंक काढून आणतात आणि वाटतं, आता हा अमर झाला. आतलं आम्ल आतच कोंडलं जातं आणि प्लॅस्टिक काढायचं तर शाईही बरोबर निघते. तिसरी चौकट. काचेमागे दिवाणखान्यात, खिडकीसमोर. दहा वर्षांत मथळा उरतो आणि बातमी जाते. हळदीकुंकवाची बोटं उमटलेले अंकही आले. ते डाग आम्ही काढले नाहीत. कोणीतरी या कागदाची पूजा केली होती, हीसुद्धा त्या अंकाबद्दलची माहितीच आहे. आमच्या नोंदपत्रकात त्यासाठी 'वापराच्या खुणा' असा रकाना होता.

मोठ्या तारखांचे अंक गोळा करताना एक गोष्ट लवकर लक्षात आली. एका तारखेचा अंक एकच नसतो. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे आमच्या जिल्ह्याच्या घाटाखालच्या कडेने जाते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही तिची स्टेशनं. या गावांना मुंबईचे पेपर गाडीने मिळायचे, आणि तिथून पुढे मोटारीने घाटावर. मेहकर-लोणारकडे पोचायला आणखी वेळ. बाहेरगावी पाठवायची डाक आवृत्ती गाडी गाठायची म्हणून लवकर छापून निघायची. १४ ऑगस्टला घटना समितीची बैठक सुरू झालीच रात्री अकराला. नेहरूंचं भाषण मध्यरात्रीच्या तोंडावरचं. मुंबईत सकाळी वाचकाच्या हातात पडलेला अंक आणि घाटावरच्या मास्तरांच्या घरी आलेला त्याच तारखेचा अंक, यांत त्यामुळे एकच मजकूर असेल असं धरून चालता येत नाही. लहान गावातला अंक म्हणजे शहरातल्या अंकाची मळलेली प्रत, असं समजून पुष्कळदा तो बाजूला टाकला जातो. आमच्याकडे आवृत्तीचा रकाना तारखेइतकाच महत्त्वाचा होता.

दुसरी अडचण पुनर्मुद्रणांची. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, पन्नास झाली, तेव्हा जुनं पहिलं पान पुन्हा छापून वाचकांना द्यायची पद्धत पडली. ते पान घरात बरीच वर्षं राहिलं की तेही पिवळं पडतं, आणि नातवंडांना वाटतं की आजोबांनी सत्तेचाळीस साली विकत घेतलेलं हेच. ओळखायची खूण सोपी आहे. अंक टेबलावर सपाट ठेवायचा आणि दिव्याचा उजेड अगदी तिरपा पाडायचा. त्या काळची छपाई उठावाची. अक्षर कागदात दाबलं जायचं, पाठीमागे त्याचा फुगवटा बोटाला लागतो. ऑफसेटवर छापलेलं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. शिवाय जुन्या पानाच्या मागे दुसरं पान असतं, बाजारभाव असतात, सिनेमाच्या जाहिराती असतात. पुनर्मुद्रणाच्या मागे पुष्कळदा कोरं किंवा चालू काळातली जाहिरात.

हे घरच्यांना सांगणं सोपं नसतं. पण तेही पान आम्ही परत दिलं नाही कधी, नोंदवून घेतलं. १९७२ किंवा १९९७ साली लोकांना १९४७ कसं आठवायचं होतं, याचा तो पुरावा आहे. घरच्यांना तसंच सांगायचो, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

लोणार तालुक्यातल्या एका आजींकडे मूळचा अंक होता. पेटी उघडून त्यांनी तो दाखवला, पण हातात देईनात. म्हणाल्या, "बाई, हा आमच्या मालकानं ठिवला होता. होते तोवर कोणाले हात लावू देल्ला नाई." मी म्हटलं, आजी, ग्रंथालयात नीट राहील, शंभर वर्षं राहील. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "तुमी नेता त न्या. पण मंग दिवाळीले पेटी काढली का मी काय पाहू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायलाही नको होतं. त्या दिवसापासून आम्ही बरेच अंक घरीच ठेवू लागलो. अंक काही काळासाठी आणायचा, सावरायचा, प्रतिमा घ्यायची आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून घरच्यांना परत द्यायचा. पाकिटावर पेन्सिलने सूचना: घडी घालू नये, टेप लावू नये, पेटीच्या तळाशी नको, वर ठेवावा. ग्रंथालयाच्या दफ्तरी प्रतिमा आणि 'मूळ अंक दात्याकडे' अशी नोंद. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, संग्रहात मूळ वस्तू हवी. पण एकाच तारखेच्या कितीतरी मूळ प्रती आमच्या कपाटात आधीच होत्या, आणि मला खटकत होतं ते वेगळंच.

१५ ऑगस्ट १९४७ च्या प्रती घरोघरी निघत होत्या. ८ ऑगस्टच्या आसपासची एकही नव्हती. आमच्या वऱ्हाडाच्या दृष्टीने तो आठवडा लहान नव्हे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलेलं, पण कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचंच. निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' किताब होता तो म्हणूनच. इंग्रज जाताना वऱ्हाड कुणाचं, हा प्रश्न खरा होता. मराठी प्रांत एकत्र यायचा तर त्यात वऱ्हाडचं स्थान काय, यावर ८ ऑगस्ट १९४७ ला अकोला करार झाला. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने त्या आठवड्यात काय वाचलं असेल, हे समजायचं तर हे अंक हवेत. पण लोकांनी झेंडावंदनाचा अंक ठेवला आणि आठवड्याभरापूर्वीचा चुलीत घातला. साहजिकच आहे. मोठा दिवस कुठला, हे पहिल्या पानाच्या अक्षरांच्या आकारावरून कळतं. त्याला मोठा करणारे दिवस तसे दिसत नाहीत.

१ मे १९६० चंही तसंच. मुंबईच्या पेपरांतून तो दिवस एका रंगात दिसतो. वऱ्हाडात बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी मोठी माणसं वेगळ्या विदर्भाची मागणी करत होती. अकोल्याचं 'मातृभूमी' हे बियाणींनीच काढलेलं पत्र. एका मराठी राज्यात येण्यासाठी विदर्भाला आश्वासनं देणारा १९५३ चा नागपूर करार लोकांच्या लक्षात होता. हा सगळा संमिश्र सूर एकट्या एक मेच्या अंकात पकडता येत नाही, तो एप्रिल आणि जूनमधल्या वाचकांच्या पत्रांत, सभांच्या चार ओळींच्या बातम्यांत असतो.

बौद्ध वस्त्यांमध्ये मला याच्या उलट अनुभव आला. तिथे १९५६ चे अंक एकेकटे नव्हते. ऑक्टोबरातल्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून डिसेंबरपर्यंतचे 'प्रबुद्ध भारत'चे अंक एकत्र शिवून ठेवलेले, मध्ये एखादं हँडबिल, एखादी वर्गणीची पावती. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० मध्ये काढला, 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये, आणि 'प्रबुद्ध भारत' त्यांच्या शेवटच्या वर्षात, १९५६ मध्ये. आपली बातमी दुसरं कुणी छापणार नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी नुसता मोठा दिवस ठेवला नाही, सगळा माग ठेवला. एका घरात एकटे मोठे भाऊ वाचायचे आणि बाकीचे ऐकायचे. वाचता न येणाऱ्या आईने ते अंक सांभाळले होते. ते सुई-दोऱ्याचे टाके आम्ही उसवले नाहीत. अंक कुठल्या क्रमाने ठेवले हे ज्याने ठेवले त्याने ठरवलेलं असतं, आणि तो क्रम मोडला की एक माहिती कायमची जाते.

मग मी मोठ्या तारखांच्या मागची धाव कमी केली आणि तालुक्याच्या साप्ताहिकांकडे वळले. कायदा आहे: प्रकाशकाने अंकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची. १९५४ चा तो कायदा, १९५६ मध्ये वर्तमानपत्रं त्यात आली. पण तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक हाच जुळारी, तोच ट्रेडल चालवणारा, तोच जाहिराती गोळा करणारा आणि तोच अंक वाटणारा. कोलकात्याला टपालखर्च कोण करणार? त्याच्या माडीवर फायली साठत जातात. तो गेला की मुलं घर आवरतात. रद्दीवाला किलोवर नेतो, आणि तिथून त्या किराणा दुकानात किंवा संत्र्याच्या पेटीत जातात.

या साप्ताहिकांचेही विशेषांक असतात. वर्धापनदिन, २६ जानेवारी, दिवाळी, आणि ६ जानेवारी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू केल्याचा तो दिवस. असा विशेषांक उघडला की मजकूर चार पानं आणि शुभेच्छांच्या जाहिराती वीस पानं. नवे सहकारी विचारायचे, मॅडम, या जाहिराती स्कॅन करायच्या का? मी म्हणायचे, आधी त्याच करा. सरपंच कोण होते, बाजार समितीचा सभापती कोण, जिनिंग कुणाचं, पतसंस्था कधी निघाली, कृषी केंद्रात एच-४ संकरित कापसाचं बियाणं कधी विकायला आलं, हे दुसऱ्या कुठल्या इतिहासात मिळत नाही. तीन आकडी फोन नंबर आहे म्हणजे गावात टेलिफोन एक्स्चेंज केवढं, हेही कळतं.

नोंदी करताना शीर्षपट्टीखालची बारीक ओळ फार उपयोगी पडायची: वर्ष अमुक, अंक तमुक. सणाच्या सुट्टीनंतर अंक निघत नाही; मग क्रमांक सलग असतो आणि तारखेत खंड. क्रमांकातच उडी असेल तर अंक हरवलेला. 'अंक नाही' आणि 'अंक निघालाच नाही' या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यादी करणाऱ्याने तो केला नाही, तर पुढचा अभ्यासक एका न निघालेल्या अंकासाठी वर्षभर गावोगाव हिंडतो.

एक विद्यार्थिनी भेंडवळच्या घटमांडणीवर काम करत होती. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. तिला भाकीत खरं की खोटं यात रस नव्हता. भाकिताची बातमी कशी बदलत गेली, हे तिला पाहायचं होतं: आधी तालुक्याच्या पानात, मग जिल्ह्याच्या, मग पहिल्या पानावर. त्यासाठी दर वर्षी अक्षय तृतीयेनंतरचे दोन-तीन दिवस हवे होते, तेही स्थानिक पानांसह. हे अंक कुणीही पेटीत ठेवत नाही. तिचं काम पुरं झालं ते एका मरून गेलेल्या साप्ताहिकाच्या फायलींवर आणि एका महाविद्यालयाच्या वाचनकक्षातून रद्दीत जाता जाता थांबवलेल्या गठ्ठ्यांवर.

खामगाव-जालना रेल्वेची गोष्ट याहून मजेदार. या मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून आहे. फायली चाळताना जवळपास प्रत्येक दशकात 'लवकरच सर्वेक्षण' ही बातमी भेटते. एकेक बातमी वाचली तर आशा वाटते. सगळ्या ओळीने लावल्या की जिल्ह्याचा शंभर वर्षांचा राजकीय इतिहास समोर येतो, आणि त्यातली एकही कुणी तसबिरीमागे ठेवलेली नाही.

आता अडचण नव्या प्रकारची आहे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत अनेक मराठी वर्तमानपत्रांची छपाई काही दिवस थांबली, पुढेही घरपोच वाटप अडखळत होतं. लोकांनी पेपर मोबाइलवर वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि जगभर त्याची चर्चा झाली. आमच्या पिढीतला हा सगळ्यांत मोठा काळ, आणि त्याचे कागद सगळ्यांत विरळ. मोबाइलवर आलेल्या पीडीएफ कधीच पुसल्या गेल्या. १९४७ च्या कागदाला निवळी चालते; पुसलेल्या फाइलला काय लावणार? म्हणून निवृत्त होण्याआधी मी जिल्हा आवृत्त्यांची ई-पानं रोजच्या रोज उतरवून, तारीख-आवृत्ती-पान या क्रमाने नाव देऊन, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची पद्धत लावून दिली. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात कुठलीच मोठी तारीख नाही.

लोक अजूनही फोन करतात: ताई, आमच्याकडे सत्तेचाळीसचा पेपर आहे, केवढ्याला जाईल? किंमत मी सांगत नाही. लॅमिनेट करू नका म्हणते. आवृत्ती कोणती ते पाहा, मागची पानं आहेत का पाहा, आणि त्याच पेटीत त्याच्या आधीचा-नंतरचा एखादा साधा अंक निघाला तर तो आधी माझ्याकडे आणा म्हणते. तुमच्या हयातीत पुढचा मोठा दिवस उजाडेल तेव्हा पहिलं पान कापून चौकटीत लावू नका. तो सगळा आठवडा ठेवा, तालुक्याच्या पानासकट, निविदा, निधनवार्ता आणि कापसाच्या भावासकट. मोठ्या दिवसाचा अंक शंभर घरांत ठेवलेला असेल. मंगळवारचा साधा अंक कदाचित तुमच्या एकट्याच्याच घरात असेल.